तानपुरा थरथरतो

फोनवर तक्रार एवढीच होती : तानपुरा थरथरतो. माझ्याकडे एरवी येणाऱ्या तक्रारी वेगळ्या असतात. हम येतो, डावी बाजू वाजत नाही, आवाज मोकळा नाही, बास कमी पडतो. तानपुऱ्याबद्दल कोणी बोललं की मी लगेच कागद पुढे ओढतो. सांगणाऱ्याला नेमकं काहीतरी ऐकू आलेलं असतं.

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, लावून देणं हा माझा धंदा. सुई बसवायची, वजन लावायचं, वायरी जोडायच्या, एवढंच काम असेल असं बाहेरच्याला वाटतं. त्याला फार वेळ लागत नाही. निम्मा वेळ जातो तो माणसाला हे पटवण्यात, की तुम्ही घेतलेली ही महागडी वस्तू तुमच्याच त्या दुसऱ्या महागड्या वस्तूला चालत नाही.

घर सांगलीतलं. साहेब साखर कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, आणि त्यांच्या मिसेस गाणं शिकवतात. विद्यार्थी त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. रेकॉर्ड सगळ्या ताईंच्या : ख्याल, ठुमरी, थोडं नाट्यसंगीत. साहेबांनी निवृत्तीनंतर हौसेने सिस्टीम घेतली होती, आणि प्रत्येक वस्तू वाचून, व्हिडिओ बघून, आपापल्या यादीतली सर्वांत वरची निवडलेली. जड प्लॅटरचं (रेकॉर्ड फिरवणाऱ्या तबकडीचं) बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल, बारा इंची टोनआर्म, त्याच्या टोकाला सुई धरणारं, मूव्हिंग मॅग्नेट जातीचं नाजूक कार्ट्रिज, कार्ट्रिजचा बारीक सिग्नल मोठा करणारा व्हॉल्व्हचा फोनो स्टेज, आणि छातीइतक्या उंचीचे स्पीकर. एकही वस्तू वाईट नव्हती.

दुकानदाराचा माणूस येऊन सगळं जोडून गेला होता. तक्रार केल्यावर त्याने निदान दिलं : रेकॉर्ड वाकलेल्या आहेत, नव्या री-इश्यू घ्या. हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की आता संताप येतो. ताईंच्या कपाटातल्या कितीतरी रेकॉर्ड पुन्हा कधी निघाल्याच नाहीत. सिस्टीम या रेकॉर्ड वाजवायला आणली होती, आणि ती वाजवेना म्हणून रेकॉर्ड टाकायला सांगायचं? विकण्याआधी ‘तुम्ही काय ऐकता, रेकॉर्ड कुठल्या काळातल्या आहेत’ एवढं विचारण्याची रीत आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत नाही.

मी आधी काही हात लावला नाही. ताईंना एक रेकॉर्ड लावायला सांगितली आणि स्पीकरची जाळी काढून वूफरकडे बघत बसलो. गाणं सुरू व्हायच्या आधीच, नुसत्या मोकळ्या खाचेत, वूफरचा कागद आत-बाहेर आत-बाहेर होत होता. आवाज काहीच नाही, आणि कागद मात्र बोटभर हलतोय.

यामागचं गणित साहेबांना मी तिथेच मांडून दाखवलं, कारण इंजिनिअर माणसाला आकडे दिले की अर्धं काम होतं. कार्ट्रिजमधली सुई एका रबरी टेकूवर तरंगत असते. तो टेकू किती मऊ, ते म्हणजे कॉम्प्लायन्स. त्यावर टोनआर्मचं परिणामी वजन, म्हणजे इफेक्टिव्ह मास, लटकलेलं असतं. वजन आणि स्प्रिंग एकत्र आले की त्यांची स्वतःची एक कंपनसंख्या ठरते. १५९ ला वजन गुणिले कॉम्प्लायन्स यांच्या वर्गमुळाने भागायचं, की उत्तर हर्ट्झमध्ये मिळतं. ते ८ ते १२ च्या दरम्यान पाहिजे. त्याखाली गेलं तर वाकलेल्या रेकॉर्डची हालचाल त्याला हलवते, फार वर गेलं तर ऐकू येणाऱ्या बासच्या जवळ सरकतं.

त्यांचा आर्म २० ग्रॅमचा, कार्ट्रिज ६, स्क्रू धरून २७. कॉम्प्लायन्स २५. उत्तर आलं ६.१. रेकॉर्डचा वाक हा बहुतेक याच पट्ट्यात असतो, त्यामुळे प्रत्येक चढउताराला आर्म उचलला जायचा आणि मग डोलत राहायचा. मालट्रकच्या चेसिसखाली स्कूटरचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर लावल्यासारखी ही जोडी होती. आणि आर्म वर-खाली झाला की सुईचं टोक खाचेत किंचित पुढे-मागे सरकतं. म्हणजे तेवढ्यापुरता रेकॉर्डचा वेगच बदलतो आणि सूर थरथरतो. ख्यालाला ठेका असतो, स्वर हलते असतात, तिथे हे लपून जाईल. तानपुऱ्यात लपत नाही, कारण तो एकाच जागी उभा असतो. पाश्चात्त्य लोकांनी वेगाची चाचणी घ्यायला खास एकसुरी आवाजाच्या रेकॉर्ड काढल्या. आपल्याकडे ती चाचणी प्रत्येक एलपीत आधीपासून आहे. शिवाय जव्हारी, म्हणजे तारेचा तो गुंजारव, स्वच्छ आली की वरच्या पट्टीतही सुई नीट चालते आहे हे कळतं.

साहेबांनी विचारलं, “आर्म बदलायचा की कार्ट्रिज?” त्या दिवशी हातात होतं ते कार्ट्रिज. माझ्या पेटीत डेनॉनचं डीएल-१०३ कायम असतं. १९६२ साली जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेबरोबर बनवलेलं, अजूनही मिळतं. दिसायला साधं, सुई गोल टोकाची, वजन ८.५ ग्रॅम, टेकू कडक. कागदावर कॉम्प्लायन्स ५ लिहिलेला असतो, पण जपानी कंपन्या तो १०० हर्ट्झला मोजतात. आपल्याला लागतो १० हर्ट्झचा, त्यासाठी साधारण दीड ते दोन पट धरायचा. मी ९ धरला. २०, ८.५ आणि स्क्रू मिळून ३०. उत्तर ९.७. त्या जड आर्मला असंच काहीतरी हवं होतं.

फक्त हे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज, चुंबकाऐवजी तारेची गुंडाळी हलणारं. त्यातून जेमतेम ०.३ मिलीव्होल्ट निघतात आणि त्यांचा फोनो स्टेज मूव्हिंग मॅग्नेटसाठीचा. मध्ये व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. इथे लोक हमखास ‘जास्त ते चांगलं’ म्हणून १:३० चा, म्हणजे तीसपट वाढवणारा, घेतात. त्याने आवाज मोठा येतो हे खरं, पण फोनो स्टेजचे ४७ हजार ओहम तीसच्या वर्गाने, म्हणजे ९०० ने, भागले जातात आणि कार्ट्रिजला दिसतात फक्त ५२. कार्ट्रिजचा स्वतःचाच रोध ४० ओहम आहे, मग तो गुदमरणारच. मी १:१० चा लावला. कार्ट्रिजला ४७० ओहम दिसतात, पुढे ३ मिलीव्होल्ट जातात, आणि व्हॉल्व्ह सुखाने काम करतात.

सुईचं वजन २.५ ग्रॅम म्हटल्यावर साहेब दचकले. आधीचं सव्वा ग्रॅमवर चालत होतं. रेकॉर्ड झिजणार नाहीत का? वजन कमी ठेवलं म्हणजे रेकॉर्ड सुरक्षित, हा समज फार पसरलेला आहे. खाचेच्या भिंतीवरून सुटून परत आपटणारी हलकी सुई जास्त नुकसान करते. नीट टेकलेली जड सुई परवडली.

आता कोन. टोनआर्म एका खुंटीभोवती फिरतो, त्यामुळे रेकॉर्डवर फक्त दोनच ठिकाणी सुई खाचेला अगदी सरळ लागते. ती दोन ठिकाणं कुठे ठेवायची हे लावणारा ठरवतो. बहुतेक जण बेरवाल्डची पद्धत वापरतात, केंद्रापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर. मी ख्यालासाठी स्टीव्हन्सनची वापरतो. तीत आतलं ठिकाण ६०.३ वर, जवळजवळ लेबलपाशी येतं. मधल्या भागात थोडी चूक वाढते, ती मी चालवून घेतो. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, लेबलजवळ २१ ने. पॉपच्या एलपीत शेवटी शांत गाणं ठेवता येतं. ख्यालात विलंबित आधी आणि द्रुत शेवटी, हा क्रम कोण बदलणार? सगळ्यात जोरकस ताना सगळ्यात चेंगरलेल्या जागेत येऊन पडतात. गोल टोकाच्या सुईला ती जागा आधीच अवघड, म्हणून तिथे कोन तरी चोख पाहिजे. या मुद्द्यावर माझ्याच धंद्यातले काही जण माझ्याशी वाद घालतात. ते ज्या रेकॉर्ड ऐकतात त्यांच्यासाठी त्यांचं बरोबर असेल.

संध्याकाळ झाली तेव्हा वूफर स्थिर होता. साहेब खूश होते. ताईंनी दरबारीची एलपी लावली, डोळे मिटून ऐकली आणि म्हणाल्या, “थरथर गेली. पण षड्ज अजून झुलतोय. आणि शेवटाकडे जास्त.”

साहेबांनी मोबाइल प्लॅटरच्या मधोमध ठेवून अ‍ॅप दाखवलं : ३३.३३, फरक नगण्य. प्लॅटर खरोखरच बिनचूक फिरत होता. ताई काही बोलल्या नाहीत. कोपऱ्यातला मिरजेचा तानपुरा त्यांनी काढला, जोडीच्या तारा रेकॉर्डच्या षड्जाला लावल्या आणि रेकॉर्ड सुरू ठेवून छेडू लागल्या. दोन्ही षड्ज एकमेकांत विरघळायचे, लगेच सुटायचे, पुन्हा मिळायचे. “चढला की बोट वर करते,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले, आणि मी लेबलकडे बघत होतो. दर वेळी बोट वर झालं तेव्हा लेबलवरचा क्रमांक आर्मच्या खाली आलेला असायचा. दर वेळी, न चुकता.

म्हणजे रेकॉर्डचं भोक मधोमध नव्हतं. शेवटच्या मोकळ्या खाचेत सुई सोडून हेडशेलशेजारी (आर्मच्या टोकाला, कार्ट्रिज बसतं तिथे) पेन्सिलीचं टोक धरलं, तर हेडशेल डावी-उजवीकडे दोनेक मिलिमीटर डोलत होतं. भोक एक मिलिमीटर सरकलेलं. सुई केंद्रापासून किती दूर आहे त्यावर परिणाम ठरतो. शंभर मिलिमीटरवर एक टक्का, म्हणजे सूर १७ सेंट वर आणि तितकाच खाली (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). साठवर जवळजवळ २९. प्रमाणश्रुती, म्हणजे सुरांतलं सर्वांत बारीक अंतर, असते साधारण २२ सेंटची. १.८ सेकंदांच्या प्रत्येक फेऱ्यात तो सूर एका श्रुतीहून जास्त फिरत होता, आणि द्रुताकडे जावं तसा अधिकच. ताईंनी ‘शेवटाकडे जास्त’ म्हटलं होतं, ते गणिताने जसंच्या तसं निघालं. त्यात राग दरबारी. गंधाराचं आंदोलन, म्हणजे त्याला मुद्दाम दिलेला झोका, गायकाचं किती आणि भोकाचं किती, हे शिकणाऱ्या मुलींना कसं कळावं? ताईंचा राग त्यावरच होता. “मुली हे ऐकून गंधार उचलतात,” त्या म्हणाल्या.

सरकलेलं भोक ही काही एका कारखान्याची खोड नाही, जगभरच्या प्रेसिंगमध्ये सापडते. १९८० च्या दशकात नाकामिचीने रेकॉर्डचं केंद्र स्वतः शोधून सरकवणारं टर्नटेबल काढलं होतं. ते आता कोणाला मिळायचं. उरतो हाताचा उपाय : गोल कानशीने भोक मोठं करायचं आणि रेकॉर्ड सरकवून बसवायची. पण एलपीच्या दोन बाजू दोन वेगळ्या साच्यांतून उठतात, प्रत्येक बाजूचं केंद्र वेगळं असू शकतं. या रेकॉर्डचं तसंच होतं. दरबारीसाठी भोक नेमकं केलं असतं तर मागच्या बाजूची ललत आणखी बिघडली असती. म्हणून भोक सैल करायचं आणि दर वेळी हेडशेलचं डोलणं बघत, टिचकीने रेकॉर्ड जागेवर आणायची.

साहेब म्हणाले, कॉम्प्युटरवर घेऊन सूर सरळ करू, मूळ वस्तूला हात नको. संग्राहकही हेच म्हणतील, आणि त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. ताईंचं म्हणणं एकच : “मला ती मुलींसमोर लावायची आहे. कपाटात कोणासाठी ठेवू?”

मी कानस घेतली. लेबल दोन्हीकडून चिकटपट्टीने झाकलं, रेकॉर्ड उभी धरली, म्हणजे भुकटी खाचांत जाणार नाही, आणि थोडं थोडं घासत गेलो. शेवटी बारीक पॉलिश पेपर. सैल भोकाची रेकॉर्ड वाजताना सरकू नये म्हणून साहेबांचं ते जाडजूड रेकॉर्ड वेट वर ठेवलं. टिचकी मारत मारत डोलणं थांबलं. ताईंनी तानपुरा पुन्हा छेडला. षड्ज षड्जात बसला आणि सुटला नाही. मग गंधार आला, आणि तो फक्त गायकाचा होता.

साहेबांच्या महागड्या कार्ट्रिजचीही सोय लागते आहे. त्यांच्या टर्नटेबलला दुसरा आर्म बसवायला जागा आहे. ८ ग्रॅमचा हलका नऊ इंची आर्म मिळाला तर तेच कार्ट्रिज ८.२ हर्ट्झवर येईल आणि सपाट रेकॉर्डवर डीएल-१०३ पेक्षा बारीक तपशील देईल. ते जुना आर्म शोधत आहेत.

ताईंनी दरम्यान सगळं कपाट तपासलं आणि कव्हरांवर पेन्सिलीने खुणा केल्या : कुठली बाजू झुलते, किती झुलते. त्यातली एक एलपी त्यांनी पुढच्या फेरीसाठी बाजूला काढली आहे. तिची दुसरी प्रत मी कुठल्याही संग्रहात, कुठल्याही जुन्या बाजारात पाहिलेली नाही. तिला कानस लावायची की नाही, हे मी त्यांना अजून कळवलेलं नाही.