पानावर लिहिण्याचा हक्क

परळ-लालबागच्या पट्ट्यातील एका रात्रशाळेत मी गेली सोळा वर्षे भूगोल आणि विज्ञान शिकवते आहे. शाळा संध्याकाळी साडेसहाला भरते आणि साडेनऊला सुटते. पण दुकानाचे शटर ओढून, शेवटचे पार्सल पोहोचवून किंवा चार घरची धुणीभांडी आटोपून आलेला विद्यार्थी बाकावर टेकेपर्यंत सात वाजून गेलेले असतात, आणि ज्यांना पुढे दिवा-डोंबिवलीपर्यंत जायचे असते त्यांचे लक्ष नऊनंतर घड्याळाकडे लागते. म्हणजे तीन तासांच्या शाळेत शिकण्यासाठी हाताशी उरतात ते दोनच तास. बाकीचे शिक्षण शाळेबाहेर, सवडीच्या दहा-पंधरा मिनिटांत, हातातल्या मोबाइलवर झाले तरच होईल, हे मला बरेच आधी उमगले होते. ते कसे होईल, हे कळायला मात्र वेळ लागला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मीही इतर शिक्षकांप्रमाणे मोबाइल डब्याला टेकवून उभा केला आणि शिकवायला लागले. पडद्यावर अठरा काळे चौकोन असत. चाळीस मिनिटांच्या तासात पलीकडून ‘बाई, आवाज येतोय’ एवढे एकच वाक्य ऐकू येई, आणि अखेरीस ‘समजले का?’ असे विचारल्यावर अंगठ्याच्या चित्रांची रांग लागे. या शांततेचे खापर मी नेटवर फोडले. पुढे एका विद्यार्थ्याने सांगितले, की किराणा दुकान अत्यावश्यक सेवेत असल्याने तो कामावरच असे, आणि मोबाइल खिशात ठेवून फळीवर माल लावता लावता माझा तास ‘ऐकत’ असे. मला त्याचा राग आला नाही. त्या तासात त्याने करण्याजोगे काहीच नव्हते. तो असण्या-नसण्याने तासात तसूभरही फरक पडत नव्हता, आणि हे त्याने माझ्या आधी ओळखले होते.

ऑनलाइन शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा अशी दाखवण्याची साधनेच येतात. खरे तर वेबचा जन्म झाला तेव्हा वाचणे आणि लिहिणे यांची फारकत झालेली नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर तयार केला, तेव्हा त्यात पान जसे वाचता येत होते तसे बदलताही येत होते. १९९३ मध्ये आलेला मोझॅक हा ब्राउझर सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला, पण त्यात पान बदलण्याची सोय नव्हती, आणि पुढची काही वर्षे वेब म्हणजे बघण्याची गोष्ट अशीच समजूत रुजली. ती सोय परत मिळवून देण्याचे बरेचसे श्रेय वॉर्ड कनिंगहॅम यांचे. २५ मार्च १९९५ रोजी त्यांनी ‘विकीविकीवेब’ सुरू केले. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे झटपट, आणि येणाऱ्या कोणालाही पान झटपट दुरुस्त करता यावे एवढीच त्यामागची कल्पना होती. जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया आला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया. वाचकांनाही लिहिता येणाऱ्या अशा वेबसाठी वेब २.० हा शब्द २००४ च्या सुमारास सर्वतोमुखी झाला. वर्गाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट एकच: पानावर वाचकाचाही हात पडू शकतो.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली घडलेल्या मराठी विश्वकोशाची जागा अशा पानांनी घ्यावी, असे मला मुळीच वाटत नाही. उलट, स्वतःच्या एका वाक्याला आधार हवा म्हणून माझे विद्यार्थी विश्वकोश जितक्या वेळा उघडतात, तितक्या वेळा मी ‘वाचा’ म्हणून सांगितल्यावर त्यांनी तो कधीच उघडला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी नववीच्या वर्गासाठी गूगल डॉक्समध्ये एक पान तयार केले आणि त्याला ‘आपल्याकडे पाणी का तुंबते?’ असे नाव दिले. दरवर्षी पावसात पाणी तुंबणारा हिंदमाताचा सखल भाग शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने हा प्रश्न आमच्या अगदी दारातला आहे. लिंक पाठवताना ते साधन विचारते, की ती ज्यांच्या हाती पडेल त्यांना काय करता यावे: नुसते पाहता यावे, बाजूला शेरा लिहिता यावा, की मजकूर बदलता यावा. मी सवयीने पहिला पर्याय निवडला. पान मी मनापासून सजवले होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत नोंदला गेलेला ९४४ मिलिमीटर पाऊस, सखल भागांचा नकाशा, भरतीची आकृती, सारे काही त्यात होते. आठवड्याने वर्गात विचारले, तर पान तिघांनी उघडले होते.

त्या शनिवारी रात्री मी पर्याय बदलला आणि माझा मजकूर काढून टाकून पानावर फक्त प्रश्न ठेवला. सोमवारी सकाळी त्याखाली पार्सले पोहोचवणाऱ्या एका मुलाचे वाक्य होते: ‘मेन रोडचं पाणी तासाभरात उतरतं, मागच्या गल्लीत दुपारपर्यंत राहतं.’ हे वाक्य कोणत्याही पुस्तकात नाही, आणि त्याच्या इतके खात्रीने ते मलाही सांगता आले नसते.

त्यानंतरचे वाक्य मावशींचे होते. वर्गातल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थिनीला, वयाची चाळिशी गाठलेल्या त्या बाईंना, सगळा वर्ग मावशी म्हणतो. त्यांना मोबाइलवर अक्षरे जुळवणे जड जाते, म्हणून त्या बोलून लिहितात. मोबाइल त्यांचे अर्धे शब्द भलतेच उमटवतो आणि त्या पुन्हा पुन्हा बोलून ते सुधारतात. त्यांनी लिहिले होते: ‘पाणी दारातून नंतर येतं, आधी मोरीतून वर येतं. मोरी बुडबुडली की आम्ही सिलिंडर खाटेवर ठेवतो.’ या वाक्याशेजारी दुकानात काम करणाऱ्या एका मुलाने शेरा लिहिला: ‘मावशी, मोरीतून वर का येतं?’

उत्तर मला ठाऊक होते आणि माझी बोटे शिवशिवत होती. मी चार दिवस काहीही लिहिले नाही. शिक्षकाला हे चार दिवस फार कठीण जातात, हे मी अनुभवाने सांगते. पाचव्या दिवशी एका मुलीने लिहिले, की मोरीचे पाणी ज्या गटारात जाते ते गटारच भरले तर पाण्याला उलटे फिरण्यावाचून वाट नाही. मग गटार का भरते, असे दुसऱ्याने विचारले. त्याचा माग काढता काढता मुले समुद्रापर्यंत पोहोचली. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेता येईल या हिशेबाने बांधलेल्या होत्या, आणि मोठ्या भरतीच्या वेळी त्यांची समुद्राकडची तोंडे पाण्याखाली जातात, म्हणून हाजी अली, लव्ह ग्रोव्ह यांसारखी उदंचन केंद्रे, म्हणजे पंपाने पाणी उपसणारी केंद्रे, उभारावी लागली, ही माहिती त्यांनी शोधून काढून पानावर आणली. हिंदमाताचे पाणी साठवण्यासाठी मैदानांखाली बांधलेल्या टाक्यांचाही उल्लेख त्यात आला.

या शोधात भाषेची एक अडचण उभी राहिली, तिने मला बरेच शिकवले. एका मुलाने मोबाइलवर ‘मुंबई भरती’ असे शोधले आणि त्याच्यापुढे पोलीस भरतीच्या जाहिराती येऊन पडल्या. त्याने त्यातली एक मोठ्या भावासाठी जपून ठेवली, आणि मग पानावर सर्वांसाठी सूचना लिहिली, की शोधताना ‘समुद्राची भरती’ असे लिहावे. मराठीत शिकणाऱ्याला वेबवर असे अडथळे रोज भेटतात, आणि एकाने ओलांडलेला अडथळा पुढच्याला दिसेल अशा जागी नोंदवून ठेवणे हे माझ्या मते शिकणेच आहे. त्याच आठवड्यात पार्सलवाल्या मुलाने लिहिले, की कालच्यापेक्षा आजची भरती पाऊण तासाने उशिरा दाखवली आहे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते आणि त्याचा संबंध चंद्राच्या भ्रमणाशी आहे, हे मी इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आले. त्या वर्षी तो प्रश्न फळ्यावर येण्याआधी पानावर आला.

सगळे सुरळीत झाले असे नाही. जुलैच्या अखेरीस मावशींचे ते वाक्य पानावरून नाहीसे झाले आणि त्या जागी ‘अनियंत्रित नागरीकरण’, ‘जलनिस्सारण’ अशा शब्दांनी भरलेला एक परिच्छेद आला. तास सुरू होण्याआधी मावशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, ‘बाई, माझं गेलं वाटतं.’ अशा पानांना एक इतिहास असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द घातला आणि कोणता काढला, हे सारे त्यात राहते. आम्ही तो वर्गात सर्वांसमोर उघडला. परिच्छेद घालणाऱ्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितले, की मावशींचे वाक्य बोलीतले होते, ‘पुस्तकातल्यासारखे’ नव्हते, म्हणून त्याने ते काढले. आणि जलनिस्सारण म्हणजे काय, हे त्याला सांगता आले नाही. वाक्य आम्ही परत आणले. दुसऱ्याचे लिहिलेले परस्पर पुसायचे नाही, आधी बाजूला आक्षेप लिहायचा आणि दोन दिवस थांबायचे, हा नियम त्या दिवशी मुलांनीच ठरवला. त्या मुलाने पुढे आपला परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहिला आणि तो लिहिताना सात वेळा बदलला. तोवर इतकी वर्षे मी उत्तरपत्रिकेतले शेवटचे वाक्य तपासत आले होते. एक वाक्य घडताना सातही पायऱ्यांसह मी पहिल्यांदा पाहिले.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आल्यापासून ज्ञानरचनावाद हा शब्द आम्हा शिक्षकांच्या कानांवरून असंख्य वेळा गेला आहे. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते, हे वाक्य मी प्रशिक्षणांत वहीत उतरवून घेतले आहे. मावशींच्या मोरीपासून समुद्रापर्यंतचा तो प्रवास पाहिल्यावर त्याचा अर्थ मला कळला.

याच संदर्भात २००८ चा एक प्रयोग मला आठवतो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला. शुल्क भरलेले विद्यार्थी पंचवीसच्या आसपास होते, आणि वेबवरून दोन हजारांहून अधिक लोक त्यात सामील झाले. प्रत्येकाने आपापल्या जागी लिहावे आणि ते लिखाण एकमेकांशी जोडले जावे, अशी त्याची रचना होती. ‘मूक’ (MOOC), म्हणजे कितीही जणांना खुला असलेला ऑनलाइन अभ्यासक्रम, हा शब्द त्याच अभ्यासक्रमासंदर्भात घडला. तीन वर्षांनी स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुल्या अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवले आणि सगळ्यांचे लक्ष त्या आकड्याकडे गेले. शब्द तोच राहिला, पण पुढच्या बहुतेक अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याच्या वाट्याला पुन्हा चलचित्र पाहणे आणि बहुपर्यायी प्रश्न सोडवणे एवढेच आले. हे मला नुकसान वाटते, आणि आपल्याकडची अनेक व्यासपीठे त्याच वाटेने गेली याचे वाईटही वाटते.

मुंबईतच याहून चांगले उदाहरण आहे. पवईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे पाठ साधारण दहा मिनिटांचे असतात, मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते ऐकता येतात, आणि पाहता पाहता शेजारच्या खिडकीत तेच स्वतः करून बघायचे असते. शंका विचारताना पाठातील नेमके मिनिट आणि सेकंद निवडायचे असतात. आपण कुठे अडलो हे नेमके सांगायला लावणे म्हणजे निम्मी शंका विद्यार्थ्याकडूनच सोडवून घेणे होय. ही युक्ती मी उचलली आहे: माझ्या वर्गात ‘समजले नाही’ असा शेरा चालत नाही, न समजलेल्या शब्दावर बोट ठेवावे लागते.

अडचणी आहेत आणि त्या सोडवायला मला जमलेले नाही. दोन मुलींच्या घरी एकच मोबाइल असून तो भावाकडे असतो. त्यांची वाक्ये त्या वहीत लिहून आणतात आणि मैत्रीण ती पानावर घालते, पण इतिहासात नाव मैत्रिणीचे लागते. दहावीची परीक्षा प्रत्येकाने एकट्याने, पेनाने, तीन तासांत द्यायची असते, आणि दहा जणांनी मिळून घडवलेल्या पानाला तिथे गुण नाहीत. एकदा एकाने पानावर घराचा पत्ता आणि फोन नंबर लिहिला होता. तो मी तात्काळ काढला, आणि तेव्हापासून लिंक वर्गाबाहेर जाऊ देत नाही.

तरी मी हे सोडणार नाही, कारण ही वाट आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या परिसरात कुरणशाळा चालवल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणावर गेली, आणि तिथली पाने, दगड, पाखरे हेच शिकण्याचे साहित्य झाले. माझ्या विद्यार्थ्यांचे कुरण म्हणजे दुकानाची फळी, पार्सलची थैली आणि चाळीतली मोरी.

ती तुकडी आता शाळेतून बाहेर पडली आहे. जाताना काहींनी विचारले, ‘बाई, आता आमचं पान बंद करणार का?’ मी कोणाचाही हक्क काढून घेतला नाही. नवी तुकडी कोऱ्या पानाऐवजी त्याच पानावर लिहिते. या जुलैत एका पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी त्यावर मावशींचा शेरा आला. जोराचा पाऊस होता, आणि त्या कामावर निघाल्या असाव्यात. मैदानाखालच्या टाक्यांच्या वाक्याशेजारी त्यांनी लिहिले होते: ‘टाकीत साठवलेलं पाणी मग कधी सोडतात? ओहोटी लागल्यावर?’