ओल माजघरात, चूक अंगणात

आमचं घर देवरुखपासून आठ-दहा किलोमीटर आत आहे. जांभ्याचं, कौलारू. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून न्हाणी. संडास परसात, पंचवीस पावलांवर. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तरी पुढच्या पावसाळ्यात ती एका हातात छत्री आणि एका हातात काठी घेऊन ती पंचवीस पावलं चालत होती. तेव्हा ठरवलं की आता घराला हात लावायचाच. मी ठाण्याला नोकरी करते. शनिवार-रविवार आणि शिल्लक रजा यांच्या जोरावर जानेवारी ते जून 2023 असं हे काम काढलं.

सुरुवातीला माझ्याकडे काय होतं, तर मोबाइलमध्ये साठवलेले ऐंशी-नव्वद फोटो. पांढऱ्या भिंती, वेताचे दिवे, माजघरात झोपाळा, मागे हिरवळ आणि तिच्यात बसवलेल्या गोल फरश्या. मेस्त्री घर बघायला आले तेव्हा मी उत्साहाने एकेक फोटो दाखवायला लागले. त्यांनी चारपाच बघितले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि माजघराची भिंत नखाने टोकरली. कमरेच्या उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटले होते. आतून पांढरी पूड गळली.

"बाय, हे कधीपासून?"

आई आतून म्हणाली, "ह्यांनी अंगण केलं तेव्हापासून."

अंगण 1998 सालचं. बाबा निवृत्त झाले आणि आलेल्या पैशांतून त्यांनी घर 'पक्कं' करून घेतलं. सारवणाच्या अंगणावर भराव टाकून सिमेंट केलं, भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. तेव्हा गावात सगळे तेच करत होते आणि आम्हालाही ते झकपक वाटलं होतं. पण भरावामुळे अंगण जोत्याच्या बरोबरीला आलं, शिवाय उतार चुकून घराच्या बाजूला लागला. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पागोळ्यांचं सगळं पाणी भिंतीच्या पायाशी साचायचं. जांभा भोकाभोकांचा, तो पाणी पितोच. पूर्वी पावसाळ्यात प्यालेलं पाणी उन्हाळ्यात बाहेरच्या बाहेर सुकून जायचं. बाहेरून सिमेंटने तोंड बंद केल्यावर त्या ओलीला आत येण्याशिवाय वाटच उरली नाही. आम्ही मात्र पंचवीस वर्षं दर दिवाळीला आतून नवा रंग देत होतो. ओल लागू नये म्हणून एका वर्षी महागातला ऑइलपेंटसुद्धा दिला. त्याचे तर फोडच आले.

(जांभ्याची एक गंमत मला या कामात कळली. खाणीतून काढला की तो मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारात लोकांना हा दगड विटांसारखा कापताना पाहिलं आणि 1807 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटराइट' नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट.)

तर पहिला खर्च झाला तो काहीतरी नवीन बांधण्यावर नाही, जुनं फोडण्यावर. घराच्या चारी बाजूंनी तीन फूट रुंदीचं अंगण फोडलं, जोतं पुन्हा मोकळं होईपर्यंत माती उकरली आणि भिंतीपासून दूर उतार देऊन चिऱ्यांचं गटार काढलं. बाहेरचा गिलावा छिन्नी-हातोड्याने काढला. आतला साडेतीन फुटांपर्यंत काढून उघड्या भिंती दोन महिने तशाच सुकत ठेवल्या आणि मगच चुन्याचा गिलावा केला. चुन्याचं काम करणारा माणूस मिळेना. शेवटी मेस्त्रींनी आपल्या सासऱ्यांना आणून बसवलं. त्यांनी स्वतः थापी हातात धरली नाही. खुर्चीत बसून "अजून मळ, अजून मळ" एवढंच सांगत राहिले.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर, म्हणजे घर काकांचंही. काकांनी कधी नाही म्हटलं नसतं, पण चुलतभाऊ पुण्याला, चुलतबहीण बडोद्याला. सगळ्यांच्या सह्यांचं संमतीपत्र होईपर्यंत जानेवारी संपला. कौलाला हात लावण्याआधी हे करून घ्या. छप्पर उघडं पडल्यावर एखाद्या नातेवाइकाला अचानक हिस्सा आठवला तर पाऊस तुमच्यासाठी थांबणार नाही.

छपराचा वाद मोठा झाला. निम्म्या गावाने कौलं काढून रंगीत पत्रे टाकले आहेत आणि त्याचं कारण माकडं. फणसावरून उडी मारली की दोन-चार कौलं जातात आणि फुटकं कौल बदलायला वर चढणारा माणूस आता मिळत नाही. दरवर्षीची शाकारणी करायची कोणी? मला पत्रा नको होता. मे महिन्यात त्याखाली भट्टी आणि जुलैत कानठळ्या. दोन रविवार यावर चर्चा झाली. शेवटी असं केलं : फणसाच्या बाजूला, म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीवर, आधी पत्रा आणि त्यावर कौलं. कौल फुटलं तरी घर गळणार नाही. पुढच्या बाजूला नुसती कौलं. फणसाच्या छपरावर आलेल्या दोन फांद्या तोडल्या. आई दिवसभर बोलली नाही.

आढं फणसाचं, अजून खणखणीत होतं. वाशांपैकी अकरा वाळवीने आतून पोकळ केलेले निघाले. बाहेरून धडधाकट आणि मुठीने ठोकलं की डबा वाजल्यासारखा आवाज. मेस्त्रींनी मला तो आवाज ओळखायला शिकवलं. त्यानंतर मी घरातलं प्रत्येक लाकूड ठोकत फिरले आणि देवघराची चौकटही गेलेली सापडली.

कौलं उतरवताना एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा : नवीन कौल आणून जुन्याशी बसवून बघा. मंगळुरी कौल म्हटलं की सगळी सारखीच, असं मी समजत होते. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला, पुढे तशी कौलं करणारे कितीतरी कारखाने झाले आणि प्रत्येकाची खाच थोडी वेगळी. आमच्या जुन्या कौलांच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचं नाव आहे. मी मागवलेली नवी सहाशे त्यांच्यात बसेनात. कडा अर्धा बोट वर राहायची. मग जुनी चांगली कौलं घासून पुढच्या बाजूला आणि नवी सगळी मागे, अशी वाटणी केली. दिसायला बरंच झालं, पण तो निव्वळ योगायोग.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शिमगा. कोणीतरी मला आधी सांगायला हवं होतं, खरं तर मलाच कळायला हवं होतं, की शिमग्याला कोकणात काम मागू नये. मंगळवारी सात माणसं होती, बुधवारी एकही नाही. फोन केला तर ढोलाचाच आवाज. छप्पर अर्धं उघडं, ओटीवर कौलांच्या चळती आणि त्यातच ग्रामदेवतेची पालखी आमच्याकडे येण्याचा दिवस. मी म्हटलं, यंदा नको, घर असं पडलंय. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प फावडं उचललं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी आणि शेजारच्या वहिनींनी मिळून ओटीवर दहा बाय दहाची जागा मोकळी केली. पालखी आली. पालखी धरणाऱ्यांत पुढे आमचे मेस्त्री. त्यांनी वर उघड्या वाशांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सोमवारी येतो," म्हणाले. आले गुरुवारी.

संडास घरात आणायचा म्हणजे न्हाणीला लागून चार बाय पाचची खोली वाढवायची, एवढंच मी धरलं होतं. पण मेस्त्रींचा प्रश्न पुन्हा तोच : पाणी जाणार कुठे? नळकाम करणाऱ्याने आखणी केली ती विहिरीच्या बाजूला, कारण तिकडे पाइप कमी लागतो. विहीर तिथून वीस फुटांवर. जांभ्याच्या जमिनीत खड्ड्यातलं पाणी कुठल्या भोकातून कुठे निघेल याचा नेम नसतो, त्यामुळे मी अडून बसले. टेप धरून विहिरीपासून साठ फूट मोजले, तेही उताराच्या खालच्या अंगाला, आणि तिथे दोन शोषखड्डे घेतले. प्रत्येक खड्डा आतून चिऱ्यांनी जाळीदार बांधलेला, तळ मातीचाच. मध्ये चेंबर. एका वेळी एकच खड्डा चालू, दुसऱ्याचं तोंड वीट लावून बंद. पहिला भरला की प्रवाह दुसऱ्यात वळवायचा आणि पहिला दीड-दोन वर्षं तसाच ठेवायचा. मग आत निघतं ते कोरडं खत. पाइपला दर चार फुटांना एक इंच उतार हवा, म्हणून चर शेवटी शेवटी चांगलाच खोल गेला.

आता हे दोन खड्डे आले नेमके माझ्या हिरवळीच्या जागेवर.

तिथून माझी बाग बदलली. या खड्ड्यांत अंघोळीचं पाणी सोडायचं नसतं, नाहीतर ते लवकर तुंबतात. मग न्हाणीचं पाणी वेगळं काढलं आणि ते गेलं पूर्वी जायचं तिथेच, केळी आणि अळूत. आजीच्या वेळी न्हाणीच्या मागे केळी होत्याच, मधल्या काळात बाबांनी त्या काढून तिथे फरशी केली होती. केळींच्या पुढे कर्दळ लावली. ती साबणाचं पाणी सोसते आणि गटार झाकते. कपडे धुवायचा दगड तिथेच आणला. घराभोवतीच्या नव्या गटाराचं पाणी खालच्या बाजूला सुपारीच्या आळ्यांत सोडलं. ठाण्याच्या नर्सरीतून आठ हजारांची हिरवळ आणली होती, तिचे गठ्ठे तीन दिवस फणसाखाली पडून पिवळे पडले. चार गठ्ठे वहिनींच्या गुरांनी खाल्ले. त्याचं मला आता काही वाटत नाही, पण त्या दिवशी मी रडले होते.

फोटोंतलं प्रत्यक्षात आलं ते एकच, माजघरातला उजेड. माजघराला खिडकी नाही, दिवसा दिवा लावावा लागायचा. छपरात काचेची कौलं घालायची होती. मेस्त्री म्हणाले दोन पुरेत, मी म्हटलं चार. पहिल्या दिवशी सकाळी मी मध्ये उभी राहिले तर जमिनीवर उजेडाचे चार चौकोन, त्यांत धूळ तरंगतेय आणि कोपऱ्यातलं तांब्याचं घंगाळ पेटल्यासारखं दिसतंय. इतक्या वर्षांत त्या घंगाळाला बारीक वेलबुट्टी आहे हे मी पाहिलंच नव्हतं. मे महिन्यात मात्र दुपारी तिथे बसवेना. दोन कौलांना आतून जुन्या साडीचा तुकडा लावला. मेस्त्रींना हे कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त दोन बोटं वर केली.

ओटीवर लाल कोबा केला. हे काम एका दमात व्हावं लागतं. सकाळी सहाला सुरू झालं, खालचा थर ओला असतानाच लाल रंग मिसळलेलं सिमेंट पसरायचं आणि ते आवळत असताना थापीने घोटायचं. घोटणारा माणूस फळीवर उकिडवा बसून मागे मागे सरकत येतो. दुपारी तीनला दाराशी पोचला तेव्हा त्याला हात धरून उठवावं लागलं. मग आठवडाभर पाणी साठवून ठेवलं. पाचव्या दिवशी मांजर चालून गेलं, पण तोवर कोबा धरला होता.

वायरिंगची चूक पूर्ण माझी. बोर्ड कुठे हवे ते मी ठाण्याहून व्हिडिओ कॉलवर सांगितलं. गीझरला वेगळी चार चौरस मिलिमीटरची तार, विजेची गळती झाली की आपोआप बंद होणारा स्विच, सगळं नीट लक्षात ठेवलं आणि ओटीवरचा मोठा बोर्ड बसवला बरोबर गणपतीच्या जागेवर. आईने तो पाहिला आणि म्हणाली, "बाप्पा आता चार्जिंगला बसणार का?" भिंत पुन्हा फोडली.

सगळ्याचा मिळून खर्च : ठरवले होते 4,50,000, झाले 7,10,000. त्यात छप्पर 2,60,000, भिंती आणि अंगण 1,40,000, संडास-न्हाणी 1,35,000. बाकीचं वायरिंग, कोबा, वाहतूक आणि चहा. चहाचा आकडा मी लिहून ठेवला होता, पण सांगत नाही.

7 जूनला मृग लागला तेव्हा मागच्या बाजूची शंभरेक कौलं चढायची बाकी होती. त्या वर्षी वादळामुळे पाऊस लांबला. तो 11 जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच घुटमळला, मुंबईला पोचायला 25 जून उजाडला. आम्हाला मिळाले ते चार दिवस. शेवटची ओळ 10 तारखेला संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात बसवली.

पहिला मोठा पाऊस पडला त्या रात्री मी तिथेच होते. आई झोपली आणि मी बॅटरी घेऊन भिंतींना हात लावत फिरले. माजघर कोरडं होतं. बाहेर पागोळ्या गटारात पडत होत्या आणि पाणी भिंतीपासून लांब, सुपारीकडे धावत होतं. पडवीच्या कोपऱ्यात मात्र एक थेंब, मग दुसरा. तिथे बादली ठेवली.

ते कौल अजून गळतं. मेस्त्री दर एप्रिलमध्ये म्हणतात, "बगूया."