आमची वाटचाल: गच्चीच्या गळतीपासून पुलाच्या पिअरपर्यंत

नमस्कार मंडळी. आमचं काम सुरू झालं २००९ मध्ये, नागपूरच्या हिंगणा रोडवर एक पत्र्याचं शेड, मी, दोन मिस्त्री आणि जुनी विकत घेतलेली ग्राउटिंगची, म्हणजे भेगेत दाबाने माल भरायची मशीन. गच्ची, बाथरूम, पाण्याची टाकी, जे गळेल ते करायचो. पुलाचं काम आपल्याला कोणी देईल असं डोक्यातही नव्हतं.

पहिलं मिळालं ते एका नाल्यावरच्या लहान पुलाचं. दोन पिअरला, म्हणजे पुलाच्या खांबांना, उभ्या भेगा होत्या. आम्ही भेगेवर निपल, म्हणजे माल आत सोडायच्या लहान नळ्या लावल्या, त्यातून इपॉक्सी (दोन भाग मिसळले की घट्ट होणारं रसायन) भरलं, वरून मॉर्टर मारून चकाचक करून दिलं, बिल पण निघालं. पुढच्याच पावसाळ्यात भरलेल्या भेगेपासून चार बोटांवर नवी भेग, आणि तिच्यातून तांबडं पाणी ओघळलेलं. दोन रात्री झोप नाही लागली, कारण त्या पुलावरून शाळेची पोरं सायकलने जातात.

फोडून पाहिलं तर आत सळी पापुद्रे निघण्याइतकी गंजलेली. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा लागते, तो आतून ढकलत राहतो आणि काँक्रीट फाटतं, मग तुम्ही बाहेरून भेग कितीही भरा. आणि पाणी येत कुठून होतं, तर वरचा एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे रस्त्याच्या दोन तुकड्यांमधली फट, गळत होता, सगळं पाणी पिअर कॅपवर, म्हणजे खांबाच्या माथ्यावर साचायचं. आम्ही वर चढून पाहिलंच नव्हतं. ते काम स्वतःच्या खर्चाने परत केलं, त्या वर्षी शेडचं भाडं उधारीवर गेलं.

तेव्हापासून आधी जॉइंट आणि पाणी बाहेर काढायचा पाइप, मग भेग. आमचे मोठे मिस्त्री हातोडी घेऊन पूर्ण पिअर वाजवतात, टण आवाज आला तर पुढे, बद्द आला की खडूने गोल. एकदा इंजिनिअर साहेबांनी घाई केली तर म्हणाले, "साहेब, थोडं थांबा ना बाप्पा, इथं पोकळ बोलून राह्यलं." मग तिथं फोडून ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन नावाचं तपासणीचं रसायन मारायचं. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळीला जपतंय, रंग आलाच नाही तर तेवढं काढायचं. सळीच्या मागून बोट फिरेल इतकं चिपिंग, म्हणजे काँक्रीट फोडून काढणं झाल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही, यावरून ठेकेदारांशी भांडणं पण झालीत.

भेग भरताना खालच्या निपलपासून सुरू करायचं, वरच्यातून इपॉक्सी बाहेर आलं की खालचा बंद करून वर सरकायचं. ऐकायला सोपं वाटतं पण नागपूरच्या मे महिन्यात करून पहा. २०१३ च्या मे मध्ये इथे पारा ४७.९ वर गेला होता. त्याच सुमारास आमच्या एका नव्या पोराने सकाळी अकराला अख्खी बादली एकदम मिक्स केली, दहा मिनिटांत बादलीतूनच धूर निघाला आणि सगळा माल दगड. आता उन्हाळ्यात पहाटे चारला काम सुरू, आणि एका वेळी एक-दोन किलोच.

२ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला. तो दगडी कमानीचा ब्रिटिशकालीन पूल, आमच्या कामाशी सरळ संबंध नाही, पण त्यानंतर आम्हाला जुन्या पुलांसाठी फोन वाढले. तेव्हाच जॅकेटिंग नीट शिकलो, जुन्या पिअरला केमिकलने सळ्या रोवून भोवती नवी जाळी आणि मायक्रो काँक्रीट (बारीक खडीचं, पातळ वाहणारं काँक्रीट). यात एक गोष्ट बरेच जण विसरतात, नवं जॅकेट पुलाचं आधीचं वजन आपोआप घेत नाही, ते फक्त पुढे येणाऱ्या वजनात वाटा उचलतं. आधीचं वजन पण त्याला द्यायचं असेल तर जॅक लावून स्पॅन, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, काही मिलिमीटर उचलावा लागतो, म्हणजे ट्रॅफिक बंद, परवानगी, रात्रीचं काम, म्हणून लोक टाळतात. कार्बन फायबर, म्हणजे पिअरभोवती चिकटवून गुंडाळायचं मजबूत कापड, आजकाल सगळ्यांनाच पाहिजे असतं. चांगलीच वस्तू आहे, गोल पिअरला तर उत्तम, चौकोनीला कोपरे घासून गोल करावे लागतात, पण आत गंज ठेवून वरून गुंडाळायला मी सरळ नाही म्हणतो, काम गेलं तरी चालेल.

आज आम्ही चौदा जण आहोत. कोणी भेगेचा फोटो पाठवला की मी आधी विचारतो वरचा जॉइंट गळतो का, आणि पिअर कॅपचा वरून काढलेला फोटो मागतो. पावसात काढलेला असेल तर अजून बरं.