बालेवाडीत दुहेरी बघताना

शिवाजीनगरहून बाणेर रस्त्याने बालेवाडी गाठायची तर हाताशी भरपूर वेळ ठेवून निघा. एप्रिल २०२५ मध्ये बिली जीन किंग कपचे, म्हणजे महिला टेनिसमधल्या देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेचे, आशिया-ओशिआनिया गटाचे सामने म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात होते. वाटेतल्या कोंडीत अर्धा जीव गेला, उरलेला उन्हाने घेतला. तेही चाललं असतं. राग आला तो दुसरी एकेरी संपल्यावर. इथे एका लढतीत आधी दोन एकेरी आणि शेवटी एक दुहेरी असते. एकेरी आटोपली आणि लोक बाटल्या-टोप्या गोळा करून चालू पडले. खेळायच्या राहिल्या होत्या अंकिता रैना आणि आपल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे!

२०१४ च्या इंचॉन एशियाडमध्ये प्रार्थनाने सानिया मिर्झाच्या जोडीने कांस्यपदक आणलं, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्येही या दोघीच एकत्र खेळल्या. टोकियोत अंकिता सानियाची जोडीदार होती. पहिला सेट ६-० घेऊनही तो सामना हातचा गेला. सानियाचं मोठेपण कशात होतं हे समजून घ्यायला यांच्यासारख्या दुहेरीवाल्यांचा खेळ जवळून बघावा.

टीव्हीवर नजर चेंडूमागे पळते. मैदानात मात्र जिच्याकडे चेंडू नाही तिच्याकडे बघायचं. म्हणून बाजूला न बसता बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेघेच्या मागे, जरा उंचावर जागा धरा. तिथून नेटपाशी वाकून उभ्या असलेल्या खेळाडूचा पाठीमागे लपवलेला हात दिसतो. सर्व्हिस कुठे पडणार आणि आपण मधे घुसणार की जागेवर थांबणार, हे ती बोटांनी सांगत असते. दुहेरीचं कोर्ट ३६ फूट रुंद, एकेरीपेक्षा ९ फूट जास्त, पण पलीकडे दोघी असल्याने मोकळी जागा उलट कमीच. सर्व्हिसला दिलेला परतीचा फटका तिरका आणि नेटला घासून खालीच जायला हवा. वीतभर उचलला गेला की नेटवरची बाई झेप घेऊन तो संपवते. गडबडीत मधूनच मारणं बरं, कारण नेट खांबाशी साडेतीन फूट असलं तरी मध्यावर ३ फूटच असतं, आणि चेंडू कोणी घ्यायचा यावरून समोरच्या दोघी अडखळतात.

सानियाची कारकीर्द या परतीच्या फटक्यावर उभी राहिली. २००७ मध्ये ती एकेरीत २७ व्या क्रमांकापर्यंत गेली होती. मग मनगट, गुडघे, शस्त्रक्रिया. २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली. सर्व्हिस फारशी भेदक नाही, पळण्यात थोडी कमी, पण फोरहँड असा की समोरचीला रॅकेट सावरायला वेळ मिळू नये. दुहेरीत निम्मंच कोर्ट राखायचं असल्याने उणी बाजू झाकली गेली. ती उजवीकडे उभी राहायची. डावीकडे तिची स्विस जोडीदार मार्टिना हिंगिस, बॅकहँडला पक्की आणि नेटवर चपळ. १३ एप्रिल २०१५ ला सानिया दुहेरीत जगात अव्वल झाली, असा मान मिळवणारी पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात माकारोवा-वेस्निना या रशियन जोडीपुढे पहिला सेट ५-७ गेला, दुसरा टायब्रेकवर खेचला, तिसऱ्यात २-५ अशी पिछाडी. तिथून त्यांनी तो ७-५ काढला. पाठोपाठ अमेरिकन ओपन, २०१६ ची ऑस्ट्रेलियन ओपन, आणि सलग ४१ विजय.

बालेवाडीत मागच्या रांगेतून ऐकू आलं, "हिंगिस होती म्हणून जमलं." हे मला अजिबात पटत नाही. हिंगिसच्या आधीच, २०१४ ला, कारा ब्लॅकबरोबर तिने वर्षअखेरची डब्ल्यूटीए फायनल्स जिंकली होती. मिश्र दुहेरीतली तीन ग्रँड स्लॅम महेश भूपती आणि ब्रूनो सोआरेस यांच्या साथीने आली. आई झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती परतली आणि नादिया किचेनोकबरोबर थेट होबार्टचं विजेतेपदच घेतलं.