रिकामं कणीस

शाळेबद्दल मनोगत लिहायला बसलो आणि सगळ्यात आधी डोळ्यांपुढे आलं ते मक्याचं एक रिकामं कणीस.

नववीत विज्ञानाच्या बाईंनी शाळेमागच्या वाफ्यात आमच्याकडून मका लावून घेतला होता. कणसं धरू लागली तेव्हा एका कणसावर, केस बाहेर पडायच्या आत, कागदी पिशवी बांधायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या एका कणसाची पिशवी केस आल्यावर एकच सकाळ उघडली आणि परत बांधली. बाकीची मोकळीच ठेवली. पुढे काही आठवड्यांनी बाईंनी तिन्ही प्रकारची कणसं वर्गात सोलली. मोकळं कणीस गच्च भरलेलं, दुसऱ्यात इथे चार तिथे दोन असे दाणे, आणि माझ्या कणसात एकही दाणा नाही. मी रडवेला झालो. बाई म्हणाल्या, "अरे, तूच तर पिशवी सगळ्यात नीट बांधलीस."

मग त्यांनी एक केस अलगद सोडवून दाखवला. प्रत्येक केस खाली एकेका बीजांडाला, म्हणजे ज्याचा पुढे दाणा होतो त्याला, जोडलेला असतो. वरच्या तुऱ्यातला परागकण वाऱ्यावर येऊन केसाला चिकटतो, त्याला परागनलिका फुटते आणि वीतभर लांबीच्या केसातून ती साधारण एका दिवसात बीजांडापर्यंत जाते. तिच्यातून दोन पुंयुग्मकं, म्हणजे नर पेशी, उतरतात. एक अंडपेशीशी मिळतं, त्याचा भ्रूण होतो. दुसरं बीजांडातल्याच दोन ध्रुवीय केंद्रकांशी मिळतं, त्यातून त्या भ्रूणाची शिदोरी म्हणजे भ्रूणपोष तयार होतो. हे दुहेरी फलन रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नवाशिन यांनी १८९८ मध्ये उलगडलं. पुस्तकात ते चार ओळींत होतं. मला ते कणसातल्या रिकाम्या जागा मोजताना कळलं, म्हणून आजही विसरलेलो नाही.

त्याच तासाला बाईंनी एडमंड अल्बियसची गोष्ट सांगितली. रियुनियन बेटावर व्हॅनिलाच्या वेलींना फुलं येत, पण शेंगा धरत नसत, कारण परागण करणारे तिथले कीटकच नव्हते. १८४१ मध्ये, गुलामगिरीत जन्मलेल्या १२ वर्षांच्या या मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या पराग धरणाऱ्या भागावर, दाबायची सोपी रीत शोधली. आमच्याहूनही लहान मुलगा! वर्ग बराच वेळ गप्प होता.

बी कुठवर जातं हे शिकायला बाई आम्हाला मैदानापलीकडच्या गवतात नेत. परतल्यावर मोज्यांना चिकटलेला आघाडा आणि गोखरू वेचून वहीत डकवायचे. रुईची म्हातारी कोण जास्त वेळ हवेत ठेवतो याची पैज लागे. तेरड्याच्या पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की ते फटकन उलगडून बिया उडवी. झाडाला पाय नाहीत, हे खरं तर त्या वर्षापासून मला पटेनासं झालं.

आज मी रोपवाटिका चालवतो. कलम बांधायलाही याच शाळेत शिकलो, आणि माझी पहिली सगळी कलमं वाळली. खुंटाची (खालच्या मुळं असलेल्या रोपाची) आणि त्यावर बसवायच्या कलमकाडीची साल नुसती जवळ आणून भागत नाही. सालीखालचा वाढीचा पातळ हिरवा थर एकमेकांना भिडावा लागतो आणि पट्टी घट्ट बसावी लागते, नाहीतर सांधा जुळायच्या आत काडी सुकते. माझी पट्टी सैल होती. बाईंनी दहा वेळा बांधायला लावली.

लोक माझ्याकडे कलमच मागतात, आणि ते बरोबरच आहे. लवकर फळ येतं, आईसारखंच येतं. पण कलम म्हणजे त्याच झाडाचा विस्तार, नवा जीव नव्हे. केळीचंही तसंच: मुनव्यांपासून, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांपासून, लावलेली बाग म्हणजे एकच झाड हजार जागी. ग्रो मिशेल ही जात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पनामा रोगापुढे व्यापारी लागवडीतून जवळजवळ गेली, कारण एक झाड ज्याला बळी पडे त्याला सगळीच पडत. म्हणून माझ्या रोपवाटिकेत एक कोपरा बियांपासून उगवलेल्या रोपांचा आहे. त्यातली बरीच सामान्य निघतात. तरी तो कोपरा मी मोडणार नाही.

इस्राएलमधल्या मसादा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली सुमारे २००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये रुजली. आंब्याच्या कोयीला मात्र इतका दम नाही, ती वाळायच्या आत लावावी लागते. शाळेच्या मागच्या दारापाशी जुना आंबा आहे, त्याच्या काड्या आणि दोन ताज्या कोयी मला हव्या आहेत. काडीतून तोच आंबा येईल. काही जातींच्या एकाच कोयीतून आईसारखे दोन-तीन अंकुरही फुटतात. हा आंबा त्यातला आहे का, हे कोय रुजली की पहिल्याच पावसाळ्यात दिसेल.