एकच कालवा, दोन धडे

आज ६ सप्टेंबर. दुबईच्या ऑफिसात लाहोरचा सहकारी मिठाई वाटत होता. म्हटलं, कसली? तर म्हणे, 'यौम-ए-दिफा', म्हणजे पाकिस्तानचा संरक्षण दिन, १९६५ साली आम्ही लाहोर वाचवलं! मी हसलो. मग डबे उघडून तासभर शाळेतला इतिहास उकरत बसलो.

त्याच्या पुस्तकातलं युद्ध ६ सप्टेंबरला सुरू होतं, भारताच्या हल्ल्याने. त्याआधी ऑगस्टमध्ये पाकिस्ताननेच काश्मीरात घुसखोर धाडले होते, 'ऑपरेशन जिब्राल्टर', हे त्याला शाळेत कुणी सांगितलंच नाही. मी जरा तोऱ्यात होतो. तेवढ्यात त्याने विचारलं, "खेमकरण किसके पास था?"

मला परमवीरचक्र मिळालेले अब्दुल हमीद पाठ, असल उत्तरच्या लढाईत फोडलेले पाकिस्तानी पॅटन रणगाडे पाठ. पण आपल्या पंजाबातलं खेमकरण गाव युद्धात पाकिस्तानकडे गेलं होतं आणि ताश्कंदच्या भारत-पाक करारानंतर, १९६६ मध्ये, त्यांच्याकडून परत मिळालं, हे आमच्या धड्यात असल्याचं आठवेना. घरी येऊन शोधलं. खरं निघालं, काय बोलणार!

आणि लाहोरजवळचा तो कालवा, ज्याच्या काठी लढाई झाली. मी त्याला इच्छोगिल म्हणतो, सहकारी म्हणतो बीआरबी. पाच मिनिटं आम्ही दोन वेगळे कालवे समजून भांडत होतो.

मिठाई मात्र झकास होती, दोन तुकडे लेकीसाठी आणलेत. तिची इतिहासाची चाचणी आहे परवा.