बदलीचं वटवाघूळ

उसण भरायला काही मोठं निमित्त लागत नाही. मी पायातला मोजा काढायला वाकलो, एवढंच. विचारणाऱ्यांना मी 'सिलिंडर उचलताना' असं सांगतो. घरचे ते खोडून काढत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

डॉक्टर म्हणाले, आठ दिवस कडक अंथरूण. म्हणजे फरशी, फरशीवर सतरंजी आणि सतरंजीवर मी. खाली पडून पाहिलं की आपलंच घर ओळखू येत नाही. टेबलाच्या पोटाला कधीकाळी कुणी चिकटवलेलं च्युइंगम दिसतं, आणि कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा, ज्याच्याशी आपला गेली बारा वर्षं संबंध नव्हता, तो थेट नाकासमोर येतो. तिथे जुन्या टेलिफोन डिरेक्टरीखाली कॉमिक्सचे चार-सहा रंगीत अंक चुरगळून पडले होते. अमेरिकेतला आतेभाऊ एका गणपतीत आला, तेव्हा काचेचे पेले या अंकांत गुंडाळून घेऊन आला होता. पेले केव्हाच फुटले. गुंडाळायचा कागद तेवढा उरला.

दुपारी तीनच्या सुमाराला त्यातला एक ओढला. पानावर बॅटमॅन एका दांडगटाच्या गुडघ्यावर आडवा, पाठीचं धनुष्य झालेलं. माझ्या दुखण्याला एवढा भारदस्त सोबती मिळेल असं वाटलं नव्हतं.

१९९३ सालची गोष्ट. तो दांडगट म्हणजे बेन. नावावरून शेजारची गुजराती काकू वाटेल, पण बाई नव्हे, डोंगर. आणि डोंगर असून डोकेबाज. त्याने आधी अर्कम नावाच्या वेड्यांच्या इस्पितळातले सगळे गुन्हेगार मोकळे सोडले. बॅटमॅन एकेकाला धरून आणतोय, झोप नाही, अंगात बळ उरलेलं नाही. असा पुरता पिळून निघाल्यावर तो घरी येतो, तर बेन घरातच वाट पाहत असतो. मग अंक ४९७, आणि तो गुडघा. हे पान मी किती वेळा पाहिलं असेल, पण आडवा होऊन पहिल्यांदाच पाहिलं. आडवं धरलं की बॅटमॅन उभा दिसतो आणि बेन भिंतीला चिकटलेला.

एवढ्यात स्वयंपाकघरातून प्रश्न आला, ''उद्या पंप कोण लावणार?''

सोसायटीचा पाण्याचा पंप गेली नऊ वर्षं मी लावतो. पहाटे साडेपाचला बटण दाबायचं, टाकी भरली की बंद करायचा. पगार नाही, पदही नाही. पण नऊ वर्षांत चोवीस घरांपैकी एकाच्याही अंगाला लावलेला साबण पाण्यावाचून वाळला नाही. आता बदलीचा माणूस नेमणं आलं.

बॅटमॅनच्या गॉथम शहरापुढेही हाच पेच होता. पाठ मोडलेला ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमॅन, बिछान्यावर, आणि शहर सांभाळायचं कोणी? तुम्ही-आम्ही कुणीही चट्‌कन सांगू, डिक ग्रेसन. १९४० सालापासूनचा पहिला रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा जोडीदार, सर्कशीच्या झुल्यावर वाढलेला, याच्याच हाताखाली तयार झालेला, आता नाइटविंग नावाने स्वतंत्र दुकान थाटून बसलेला. ब्रूसने मात्र निवडला जाँ-पॉल व्हॅली. हा पोरगा कॉम्प्युटर शिकणारा, ओळख कालपरवाची, आणि लहानपणापासून कुठल्याशा गुप्त पंथाने डोक्यात काय काय भरून ठेवलेला. डिकला का नाही विचारलं? तर त्याचं आता वेगळं आयुष्य आहे, त्याच्यावर कशाला ओझं टाकायचं.

'त्याला कशाला त्रास!' हे वाक्य मी उभ्या जन्मात ज्याच्या ज्याच्याबद्दल ऐकलंय, तो माणूस दर वेळी त्या कामाला सगळ्यात लायक होता.

पुढे व्हायचं तेच झालं. जाँ-पॉलला बजावलं होतं की बेनच्या वाटेला जाऊ नकोस. तो गेला आणि पाचशेव्या अंकात त्याने बेनला लोळवलंही. इथवर ठीक. पण मग त्याने पोशाखावर चिलखत चढवलं, बोटांना नख्या लावल्या. त्या वेळचा रॉबिन, टिम ड्रेक, त्याची बॅटमॅनच्या गुहेत यायची वाट चक्क भिंत बांधून बंद केली. एका खुन्याला डोळ्यांदेखत मरू दिलं, आणि त्या खुन्याने दडवून ठेवलेला निरपराध माणूसही त्याच्यामागे गेला, कारण तो कुठे आहे हे सांगणारं तोंडच उरलं नव्हतं. त्या काळात मारधाड करणारे निर्दय नायक फार खपत होते. संपादकांनी ठरवलं, घ्या, हवा ना तसा बॅटमॅन? म्हणजे बदली निवडतानाच ती फसेल अशी तजवीज होती. संपादकांची होती हे नक्की. ब्रूसचीही होती, असा माझा जुना संशय आहे.

संशयाला आधार आहे. आमच्या वाड्यातल्या वेताळाने असंच केलं होतं.

इंद्रजाल कॉमिक्समधल्या खऱ्या वेताळाला ही कटकट नव्हती. १५३६ पासून बापामागे मुलगा, मुलामागे नातू, सगळे एकाच मुखवट्यात. आपला तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटतं की चारशे वर्षं एकच माणूस फिरतोय. बदली झाल्याचा कुणाला पत्ताच लागत नाही, आणि म्हणूनच तो अमर. आमच्या वाड्यातला वेताळ सातवीत होता आणि त्याला मुलगा नव्हता. जिन्याच्या कठड्यावरून घसरताना तो पडला आणि हात प्लास्टरमध्ये गेला, सहा आठवडे. आम्ही सगळे त्याच्या खाटेभोवती उभे. सगळ्यांना ठाऊक होतं की मान पुढच्या दारच्या उंच्याला मिळणार. उंच्या धावायचा, झाडावर चढायचा, शिवाय त्याच्याकडे खरा चामडी पट्टा होता. वेताळाने डावा हात वर केला आणि बोट माझ्याकडे दाखवलं.

मी तेव्हा चष्मा लागलेला, धावताना एका हाताने चड्डी धरणारा. मला काळ्या रिबिनीचा मुखवटा मिळाला, आणि खोडरबर कोरून केलेला कवटीचा शिक्का. शत्रूच्या जबड्यावर तो उमटला की जन्मभर पुसला जात नाही, अशी ख्याती. आजोबांच्या शाईच्या पॅडमुळे आमचा दोन दिवस टिकायचा. पहिल्या दिवशी मी अकरा जणांना शिक्के मारले. दुसऱ्या दिवशी शत्रू संपले म्हणून मित्रांना मारले. तिसऱ्या दिवशी घरमालकांच्या भाड्याच्या वहीत, प्रत्येक बिऱ्हाडाच्या नावापुढे एक. संध्याकाळी शिक्का जप्त, पॅड जप्त, आणि वाड्यात खेळायला आठ दिवस बंदी.

खाटेवरच्या वेताळाला मी ही बातमी सांगायला गेलो. तो म्हणाला, ''मला माहीतच होतं.'' रागावला नव्हता. उशीला टेकून, शेंगदाणे खात, अगदी तृप्त चेहऱ्याने म्हणाला. तो चेहरा मला कळायला पन्नाशी उलटावी लागली.

दुसऱ्या दिवशी पाठ जास्तच धरली. आईने फोनवरून आज्ञा केली, पायाळू माणूस शोधा. पायांकडून जन्मलेल्या माणसाने उसण भरलेल्या जागी पाय लावला की ती जाते, हे तुम्हाला सांगायला नको. पूर्वी प्रत्येक आळीत एखादी पायाळू आजी असायची. आता सगळे सिझेरियनचे, पायाळू आणायचा कुठून? ब्रूस वेनचं बरं होतं. त्याला डॉक्टर शोंड्रा किन्सॉल्व्हिंग भेटली, जिच्या अंगी कसलीशी अद्भुत शक्ती. मोडलेला कणा तिने सांधला. त्या पायी ती स्वतः मात्र मनाने लहान मूल होऊन बसली. हा उठला, पुन्हा शिकला आणि गुहेत जाऊन जाँ-पॉलला हरवलं, तेही कसं, तर त्याला अशा अरुंद भुयारात ओढत नेलं की अंगावरचं चिलखत एकेक करून उतरवल्याशिवाय त्याला पुढे सरकताच येईना. सगळ्या कथेतला मला आवडलेला प्रसंग हाच. मग कुठे ब्रूसने थोडे दिवस डिकला तो पोशाख दिला. तेव्हा डिकने विचारलंच, आधी मला का नाही?

हे वाचता वाचता मला बार्बरा गॉर्डन आठवली. ती बॅटगर्ल. १९८८ मध्ये बॅटमॅनचा वैरी जोकर याने तिला गोळी घातली आणि कमरेखालचं अंग गेलं. तिच्यासाठी कुणी शोंड्रा आली नाही, आणि बदलीची शोधाशोधही कुणी केली नाही. बॅटगर्लची जागा जवळजवळ ११ वर्षं रिकामीच, आणि गॉथमचं काही अडलंय असं एकाही पानावर नाही. ती आपली चाकांच्या खुर्चीत बसून ओरॅकल झाली, कॉम्प्युटरवरून सगळ्या धडधाकट वीरांना माहिती पुरवत राहिली. त्या खुर्चीतून ती उठली २०११ मध्ये. बॅटमॅनची पाठ वर्षभरात सांधून देणाऱ्यांना हिच्यासाठी तेवीस वर्षं लागली. यावर मी थोडा वेळ छताकडे बघत राहिलो. पंखा पुसायला झाला होता.

असो. पंप.

तळमजल्यावर एक निवृत्त इंजिनियर आहेत. पाटबंधारे खात्यात ३० वर्षं काढलेली, पहाटे चारला उठतात. फोन हातात घेतला. घरातून विचारलं, ''त्यांना सांगताय ना?'' माझ्या तोंडून आपसूक गेलं, ''त्यांना कशाला त्रास!'' आणि मी दुसऱ्या मजल्यावरच्या पोराला फोन लावला. हा कॉम्प्युटरचं शिकतो. दहाच्या आत उठत नाही. दोन दिवसांत सगळी सोसायटी माझी आठवण काढणार होती.

एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. नळाला पाणी. ग्रुपवर सुविचार, गुलाबाची फुलं, पार्किंगची भांडणं. पाण्याबद्दल चकार शब्द नाही. आठव्या दिवशी उसण आपोआप गेली, पायाळूशिवाय. नवव्या दिवशी सवयीने साडेपाचला जाग आली. भिंत धरून खाली उतरलो आणि पंपाच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. पोराने टाकीत सेन्सर बसवला होता. माझ्यासमोर पंप आपणहून सुरू झाला. नऊ वर्षांत त्याचा आवाज इतका निवांत मी कधी ऐकला नव्हता. बटणावर चिकटपट्टी लावून एक कागद डकवला होता: 'कृपया बटनाला हात लावु नये.'

खिशाला पेन होतं. 'लावु'चा उकार दीर्घ केला, 'बटना'चा 'बटणा' केला, आणि हळूहळू जिना चढून वर आलो.